मदत हवी आहे: लेसिकनंतर कोरडे डोळे आणि खारा वारा

कोल्हापूरला लेसिक (चष्म्याचा नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया) करून आज बारावा दिवस. लांबचं लख्ख दिसतं, पण सकाळी पापणी बुबुळाला चिकटल्यासारखी सुटते. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब दिवसातून सहा वेळा घालतो, रात्री पंखा बंद. (मालवणात, वैशाखात! घरचे वैतागलेत.) डॉक्टर म्हणाले, फ्लॅप (बुबुळावरचा पातळ पापुद्रा) कापताना बुबुळाच्या बारीक नसाही कापल्या जातात, कोरडेपणा काही महिने राहू शकतो. ते पटलं. गाडी चालवायला परवानगी आहे.

सोमवारपासून आचऱ्याला रोज बाईक. एसटीची वेळ जुळत नाही. साध्या गॉगलच्या बाजूने वारा शिरतो. हेल्मेटची काच खाली घेतली की वाफ धरते.

लेसिकनंतर किनाऱ्यालगत रोज बाईक चालवणाऱ्यांनी सांगा: बाजूने बंद, तरी वाफ न धरणारा कसला गॉगल वापरलात?