सागाच्या चौकटींचं घनफूट कसं मोजतात? वखारवाल्याचा हिशोब जुळत नाहीये

नवा_फ्लॅटवाला, पुणे
मंडळी, घराचं काम काढलंय, सागाच्या 4 चौकटी करायच्यात. मिस्त्रीने माप दिलं, 7 फूट उंच, साडेतीन फूट रुंद आणि लाकूड 5 बाय अडीच इंच. टिंबर मार्केटमधल्या एका वखारीत गेलो तर त्याने कॅल्क्युलेटरवर खटाखट बोटं मारून 7.29 घनफूट सांगितले, दर 4000. घरी येऊन मी मांडलं तर 6.08 च भरतंय. म्हणजे जवळजवळ 5 हजारांचा फरक! गंडवतोय का? आणि यूट्यूबवाले सारखं बोर्ड फूट बोर्ड फूट करतात ते आपल्याकडे चालतं का?

करवत_रंधा
लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार भागिले 144, झालं घनफूट. दोन उभे 7-7 आणि वरचा आडवा साडेतीन मिळून साडेसतरा फूट. 17.5 × 5 × 2.5 ÷ 144 म्हणजे 1.52, चार चौकटींचे 6.08, तुमचं बरोबर आहे. त्याने जाडी 3 इंच धरलेली दिसतेय, करून बघा, बरोब्बर 7.29 येतं. आता रंधा मारला की दर बाजूला सूत-दीड सूत जातंच (8 सूत = 1 इंच), त्यामुळे आधी मिस्त्रीला विचारा की अडीच हे रंध्याआधीचं माप आहे का तयार माल अडीच हवाय. तयार हवा असेल तर पावणेतीन तरी घ्यावंच लागेल.

चंद्रपूरकर
थांबा राव, लगेच चोर नका ठरवू त्याला. उंबरा धरला असेल तर? खाली अजून साडेतीन फूट, एकूण 21 फूट, अडीच जाडीनेच करा, पुन्हा 7.29 च येते 😄

करवत_रंधा
अरे हो की! हे नव्हतं सुचलं.

लाकूडतोड्या_नाही
हे झालं चिरलेल्या मालाचं. अख्खा ओंडका घेतला तर गणितच वेगळं. दोरीने घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग गुणिले लांबी. समजा घेर 48 इंच आणि लांबी 10 फूट, तर चौथा हिस्सा 12 इंच म्हणजे 1 फूट, ओंडका 10 घनफूट धरला जातो. शाळेतल्या वर्तुळाच्या सूत्राने तोच पावणेतेराच्या आसपास भरतो, पण साल आणि कडेचा गोल भाग वाया जाणार म्हणून ती सूट. हॉपस म्हणतात याला, 1736 सालच्या इंग्रजी कोष्टकांपासून चालत आलंय. त्यामुळे कोणी ओंडक्याचा दर आणि चिरीव मालाचा दर शेजारी ठेवून "बघा किती स्वस्त" म्हणाला तर हुरळून जाऊ नका, चिराई आणि घट धरा आणि मग बोला. दर घनमीटरमध्ये असेल तर 1 घनमीटर = 35.31 घनफूट.

करवत_रंधा
बोर्ड फूट राहिलंच. 1 फूट बाय 1 फूट बाय 1 इंच, अमेरिकेतलं माप, 12 बोर्ड फूट म्हणजे आपला 1 घनफूट. वखारीत कोणी विचारत नाही. आणि त्यांचं टू बाय फोर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतं, तेव्हा तिकडचे प्लॅन जसेच्या तसे उतरवू नका. प्लायचा हिशोब चौरस फुटावर, 8 बाय 4 ची शीट 32 चौरस फूट, बारीक पट्ट्या रनिंग फुटावर.

नवा_फ्लॅटवाला, पुणे
चिठ्ठी काढून बघितली, कोपऱ्यात "16 नग" लिहिलंय. 4 चौकटींचे 16 म्हणजे उंबराच! मला फक्त मेन डोअरला हवाय, आतल्या तिघांना खाली ग्रॅनाइट येणार. म्हणजे साडेदहा फूट कमी होतील ना?

चंद्रपूरकर
हो, 0.91 घनफूट वाचले, 3600 च्या वर. आता नगावर टेप लावूनच पैसे द्या आणि पांढरा भाग बघा. कडेला पांढरी पट्टी असली तर तीही सागाच्याच दराने मोजतात, अन् भुंगा पहिले तिथेच लागते. तेवढा नग बदलून मागायचा, देतात.