द बाबाडूक हा भुताचा पिक्चर बघितलाय का कुणी? पहिला तास लय भारी, पुढं गडबडला का?

कृष्णाकाठ_सांगली:
काल रात्री बघितला, २०१४ चा ऑस्ट्रेलियन पिक्चर, जेनिफर केंटचा पहिलाच. बायकोला डिलिव्हरीला नेताना नवरा अपघातात जातो, म्हणजे पोराचा वाढदिवस आणि बापाची पुण्यतिथी एकच, त्यामुळं ती त्या तारखेला वाढदिवस कधी करतच नाही. एवढ्यानंच पोटात गोळा येतो, भूत लागतच नाही. पण ते बाबाडूक भूत छतावर दिसलं आणि माझी भीतीच गेली. पोरगं किंचाळून किंचाळून डोकं उठवतं. आणि शेवटी त्या भुताला तळघरात ठेवून गांडुळं खायला घालायची? मला नाही पटलं, तुम्हाला काय वाटतं?

मिरजकर_ताई:
अरे दादा, किंचाळणं मुद्दाम आहे. गाडीतला सीन आठव, तो मागं ओरडत असतो आणि आपल्यालाच वाटतं हिनं एक ठेवून द्यावी, मग पुढं ती खरंच अंगावर जायला लागते तेव्हा जीव त्या पोरासाठी तुटतो. मी स्वतः नाईट ड्युटी करते, झोप नसलेलं माणूस कसं दिसतं ते रोज बघते, आईचं काम करणाऱ्या एसी डेव्हिसनं ते अगदी तसंच केलंय, वृद्धाश्रमातली नोकरी, ठणकणारी दाढ, आणि घरी आलं की परत हे. ती खरं तर कुणाला सांगू शकत नाही की मला या पोराचा राग येतो.

अजिंक्यतारा_सातारा:
छताबद्दल दादाशी सहमत. पोलीस स्टेशनात भिंतीला बाबाडूकचा नुसता कोट आणि हॅट टांगलेली दिसते, काही होत नाही तरी माझ्या अंगावर काटा आला, तेवढ्यावरच थांबायला पाहिजे होतं. त्या आईची बहीण पण फार वरवरची लिहिलीय, पोराच्या शाळेतले लोक तर नुसते अडवायलाच ठेवल्यासारखे. पण एक बघा, पार्टीत ती आई बोलता बोलता सांगते की पूर्वी मुलांसाठी लिहायची. मग ते बाबाडूकचं गोष्टीचं पुस्तक, ज्याच्यापासनं सगळं सुरू होतं, ते घरात आलं कुठनं? पिक्चर सांगत नाही आणि तेच भारी आहे.

मिरजकर_ताई:
आणि शेवट मला तर सगळ्यात खरा वाटला. नवऱ्याचे कपडे, सामान सगळं त्याच तळघरात ना? ते दुःख जाणारच नाहीये, ती रोज खाली जाऊन त्याचं बघते आणि वर येऊन पहिल्यांदाच खऱ्या तारखेला पोराचा वाढदिवस करते.

कृष्णाकाठ_सांगली:
ताई, वाढदिवसाचं माझ्या लक्षातच नव्हतं आलं, शेवटाचं पटलं आता. छताचं मात्र अजून नाही.