पाट्याचा पॉवर हॅमर घरी बनवावा की तयार घ्यावा?

कोयतेवाला, वाळवा तालुका

साखर कारखान्यांची धुराडी पेटायच्या आधीचे दोन महिने आमच्या भट्टीला उसंत नसते. ऊसतोडीचे कोयते, विळे, खुरपी, अधूनमधून कुऱ्हाड. माल सगळा ट्रकच्या जुन्या पाट्याचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा. सांडशी आणि हातोडी माझ्याकडे, घण आई आणि बायको आळीपाळीनं मारतात. आई साठीची झाली. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, वेणीसुद्धा सुनेकडून घालून घेते. तरी भट्टीतून ताव, म्हणजे तापून लाल झालेला तुकडा, बाहेर आला की घण उचलते. यंदा हंगामाआधी मला तो घण तिच्या हातातून काढून घ्यायचाय.

पॉवर हॅमर, म्हणजे मोटरवर चालणारा घण हवा, यावर माझ्या मनात वाद नाही. तो घरीच बनवावा असं माझं ठाम मत आहे. पाट्याच्या हॅमरमध्ये न समजण्यासारखं आहे काय? मोटर चाक फिरवते, चाकावरचा एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून बाजूला बसवलेली खुंटी, पाट्याचं मागचं टोक वर-खाली करतो, पाटा मध्ये टेकलेला आणि पुढच्या टोकाला रॅम, म्हणजे ठोका मारणारं वजन. पायपट्टी दाबली की सैल पट्टा ताणला जातो आणि ठोके सुरू. पिठाच्या गिरणीची २ एचपीची मोटर माझ्याकडे पडून आहे, जुन्या डिझेल इंजिनाचं चाक आहे, पाटे तर अंगणभर. राजकोट किंवा बटाल्याचा तयार हॅमर घ्यायचा तर किंमत, वर ट्रकभाडं, वर थ्री फेजचं कनेक्शन. केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत कारागिरांना अवजारांसाठी १५ हजार मिळतात, तेवढ्यात काय होणार? आणि घरचा हॅमर हंगामात मोडला तर मी रात्रीत उभा करीन. तयार हॅमरचा भाग यायला आठवडा लागला तर गिऱ्हाइकाला काय सांगू?

गाळेवाला

भाऊ, आईचं वाचलं म्हणूनच स्पष्ट लिहितो. बनवू नका, विकत घ्या. मी बनवलाय. पाडव्याला कामाला हात घातला, पहिला ठोका पडला दिवाळीनंतर. ऐरणीसाठी जाड पाइप घेऊन आत काँक्रीट भरलं होतं. ठोका पडला की जमीन हादरायची, शेजारच्या मांडणीवरची भांडी वाजायची, आणि लालभडक लोखंड मात्र होतं तेवढंच राहायचं. मग बेअरिंग गेलं, मग पाटा तुटला. तो हंगाम दुसऱ्याच्या भट्टीवर गेला आणि ती गिऱ्हाइकं परत यायला दोन वर्षं लागली. भंगाराचे पैसे तुम्ही मोजताय, दिवसांचे मोजत नाही.

आता एका बंद पडलेल्या गाळ्यातला जुना हवेचा हॅमर घेतलाय. त्याची मोटर आतल्या सिलिंडरमध्ये हवा दाबते आणि रॅम त्या हवेवर चालतो. पाय हलका ठेवला तर नुसत्या टिचक्या, दाबला तर पुरा घाव. कोयत्याची पाठ जाड, धार पातळ, आणि दोन्ही एकाच तावात काढायचं असतं. पाट्याच्या हॅमरवर जाड मालावरून पातळ मालावर आलात की पाना घेऊन रॅमची उंची बदलत बसा, तोवर ताव उतरतो. विश्वकर्मा योजनेत पहिलं १ लाखाचं कर्ज तारणाशिवाय ५ टक्क्यांनी मिळतं. ते का धरत नाही?

वेल्डिंगवाला, कोल्हापूर

दादा, तुमचा हॅमर घरी बनवला म्हणून फसला नाही. ऐरणीनं फसला. रॅमच्या वजनाच्या निदान १० पट ऐरण लागते, १५ पट असली तर उत्तम. तीही रॅमच्या बरोबर खाली, अखंड लोखंडाची. फ्रेमचं आणि बुडाच्या प्लेटचं वजन यात धरायचं नाही. काँक्रीट भार सोसतं, पण घाव परत देत नाही. तो घाव खाली जमिनीत गेला, म्हणूनच मांडणीवरची भांडी वाजली.

कोयतेवाले भाऊ, तुमच्या कामाला २५ किलोचा रॅम पुरे. म्हणजे ऐरण निदान २५० किलोची. २०० मिमी व्यासाचा भरीव गोल बार मीटरला साधारण २४७ किलो भरतो. एक मीटरचा तुकडा उभा केलात आणि वर डाय, म्हणजे ठोका झेलणारा ठोकळा, बसवली की निम्मं काम झालं. २५० मिमीचा मिळाला तर मीटरला ३८५ किलो, मग बघायलाच नको. मोठ्या शाफ्टचे तुकडे भंगारात किलोवर मिळतात. सगळे पैसे तिथे घाला. प्लेटा आडव्या रचून कडेनं वेल्डिंग मारू नका. मधल्या फटींत ठोका विरतो.

पाट्याच्या हॅमरवर हलका ठोका काढता येत नाही, हेही मला पटत नाही. पट्टा नीट सरकता ठेवला तर पायाखाली हळू ठोके मिळतात. अमेरिकेतले हौशी लोहार पट्ट्याऐवजी गाडीचं चाकच वापरतात. मोटरचा रोलर टायरला जितका दाबाल तितका रॅम पळतो. आपल्याकडे मारुती ८०० चं १२ इंची चाक त्या कामाला चपखल बसेल.

घणवाली

मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून घण मारलाय, २२ वर्षं. आम्ही घिसाडी. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. आमच्या भट्टीवर तसं नाव नाही, पण काम जोडीचंच. मालकाची हातोडी जिथं टिचकी मारील तिथं माझा घाव पडला पाहिजे. त्यांनी हातोडी ऐरणीवर आडवी टाकली की थांबायचं. लोखंडाचा रंग उतरायच्या आत पंधरा-वीस घाव, मग ताव परत भट्टीत, आणि तेवढ्यात मी पदरानं तोंड पुसणार. पाच किलोचा घण सातव्या महिन्यातही मारला. काळ्या पडलेल्या लोखंडावर एक घाव जास्त पडला तर पाटा तडकतो, बोलणी घणवालीला.

तुम्ही सगळे रॅमचं वजन सांगताय, बरोबर आहे. मला एक सांगा भाऊ, तुम्ही हॅमर बनवत बसाल त्या सहा महिन्यांत घण कोण मारणार? आईच ना? गाळेवाले दादा म्हणतात ते मला पटतं. जुना घ्या, कर्जानं घ्या, तीन घरं मिळून घ्या, पण लगेच घ्या. आमच्याकडे भावकीत एकच हॅमर आहे, कुणी कोणत्या वारी वापरायचा ते ठरलंय. भांडणं होतात, पण खांदे शाबूत आहेत.

गाळेवाला

ताई, अगदी हेच मला लिहिता आलं नव्हतं.

आयटीआयचा मास्तर

मी बनवण्याच्या विरोधात नाही, पण इथे कोणी हॅमर थांबवण्याबद्दल बोलत नाही. १८३९ साली जेम्स नॅस्मिथनं वाफेच्या घणाचा आराखडा काढला. पुढे तो घण लोकांना दाखवताना पेल्यात ठेवलेल्या अंड्याचं टरफल फोडून दाखवत, आणि पेला शाबूत राही. ताकदीपेक्षा ताबा त्यांना दाखवायचा होता. घरी बनवलेल्या हॅमरमध्ये ब्रेक हमखास राहून जातो. पाय उचलल्यावर रॅम वरच थांबला पाहिजे. आणखी दोन घाव घालून थांबला तर सांडशीतला तुकडा सरळ करायला गेलेला हात खाली सापडतो. मी अशी बोटं पाहिलीत.

पाटा एक ना एक दिवस तुटणारच, आणि तो तोंडाच्या उंचीवर असतो. त्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टीची चौकट हवी, पट्ट्यावर आणि चाकावर जाळी हवी. डाय बदलताना मोटर बंद करून रॅमखाली लाकडी ठोकळा ठेवल्याशिवाय हात घालायचा नाही. आपल्याकडच्या बायका पदर खोचून काम करतात, फिरत्या चाकाजवळ तो पदर उघडा असता कामा नये. एवढं करायची तयारी नसेल तर विकतचा घ्या. आणि जुना घेतलात तरी हीच तपासणी करा, विकतचा म्हणून तो सुरक्षित होत नाही.

वेल्डिंगवाला, कोल्हापूर

सर, मान्य. ब्रेकचं मी लिहायला हवं होतं. चाकावर चामड्याचा पट्टा टाकून पायपट्टीला उलटा जोडला की पाय सुटताच तो आवळतो. पण सहा महिने लागतात हे मला मान्य नाही. ऐरण आधी मिळवली तर बाकी काम महिन्याभराचं.

कोयतेवाला, वाळवा तालुका

घणवाली ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री सगळा धागा आईला वाचून दाखवला.

हॅमर घरी बनवायचं मत मी सोडलेलं नाही. ऐरणीचा हिशेब कळल्यावर ते पक्कंच झालंय. पण हंगामाआधी तो पुरा होणार नाही, हे कबूल करतो. पलीकडच्या गावात एकाकडे हवेचा हॅमर आहे. पाटे इथं कापून, त्याच्याकडे ताणून आणायचे, आणि पाठ, वाक, मूठ नि धार कडक करायला पाणी देणं आमच्या भट्टीवर करायचं असं ठरवलंय. नगामागे त्याचे पैसे जातील, नफा कमी होईल. चालेल. घण कालपासून माळ्यावर ठेवलाय. काँक्रीटची चूक लपवली असतीत तर मीही तीच केली असती, गाळेवाले दादा.

उद्या २०० मिमीचा तुकडा बघायला कोल्हापूरला येतोय. आईनं सगळं ऐकून एकच विचारलं, पायपट्टी किती उंच असणार?

वेल्डिंगवाला, कोल्हापूर

जमिनीपासून चार बोटं. आणि ऐरणीच्या तिन्ही बाजूंनी वळवून देतो, कुठंही उभं राहिलं तरी पाय पोचेल. येताना आईंनाही घेऊन या, त्यांच्या पायाच्या मापानंच वाकवू.