फोटो म्हणजे नकाशा नव्हे

विमानातून फोटो काढले की झालं, मग आर्क्टिकच्या डोंगरांत सर्वेक्षक कशाला पाठवायचे, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्या काळी नकाशासाठी फोटो काढणाऱ्या विमानात तीन कॅमेरे असत: एक सरळ खाली, दोन तिरपे, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत सगळं टिपणारे. १९४८ साली कॅनडाच्या लँकेस्टर विमानाला तर गोव्याच्या अडीचपट मोठं प्रिन्स चार्ल्स बेट सापडलं! (तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांना ते आधीच ठाऊक होतं, हे सांगायलाच हवं.)

पण फोटोवरून शिखराची उंची काढायची तर जमिनीवर मोजलेले बिंदू लागतातच. म्हणजे कुणीतरी थिओडोलाइट (कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) पाठीवर घेऊन वर चढायचं, वाऱ्यात तिपाई रोवायची आणि हातमोजा काढून उघड्या बोटांनी त्याचा बारीक स्क्रू फिरवायचा. उन्हाळ्यात तिथे रात्रच होत नाही, तारे दिसणार कुठून? स्थान काढायचं ते सूर्यावरून. मला त्या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो.