लुडविग, लुई, क्लोव्हिस: नाव एकच का? आणि 'प्रसिद्ध योद्धा' हा अर्थ कितपत खरा?

मूळपुरुष:
नावांचे अर्थ देणाऱ्या याद्यांमध्ये लुडविगपुढे 'प्रसिद्ध योद्धा' असं हमखास सापडतं. लुईपुढे तेच, क्लोव्हिसपुढेही तेच. रॉबर्ट आणि रुडॉल्फमध्येही 'प्रसिद्ध' आहेच, मग ही सगळी नावं एकाच शब्दापासून आली का? क्लोव्हिसचा लुई होतो तरी कसा, हेही कळत नाही. शिवाय १८व्या शतकातल्या लॅटिन चर्च-नोंदींत 'लुडोविकुस' असं नाव येतं. त्या माणसाला प्रत्यक्षात काय म्हणून हाक मारत असतील, हे कसं ठरवायचं?

जुनं_पान:
नाव एकच. फ्रँक लोकांच्या (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात राज्य केलेल्या जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या भाषाकुळातल्या लोकांच्या) बोलीत ते साधारण 'ह्लुडोविग' असं होतं. 'ह्लुड' म्हणजे ख्यातनाम आणि 'विग' म्हणजे लढाई. सुरुवातीचा ह घशातून, खरखरीत निघायचा, म्हणून लॅटिन लिहिणाऱ्यांनी तो ख सारखा नोंदवला. तूरचा बिशप ग्रेगरी सहाव्या शतकात फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याला 'ख्लोडोवेखुस' लिहितो. क्लोव्हिस हे रूप या लॅटिन लेखनावरून आलं, त्यामुळे त्यात क टिकला. बोलीत मात्र ह गळाला, दोन स्वरांमधला ड विरला, शेवटचा गही गेला. उरलं जुन्या फ्रेंचमधलं 'लोओइस', त्याचं पुढे लुई. पूर्वेकडे जर्मनमध्ये फक्त ह आणि मधला ओ गेला, बाकीचं नाव शाबूत राहिलं.

आता अर्थ. 'प्रसिद्ध योद्धा' हे भाषांतर मला पटत नाही. जर्मॅनिक नावं दोन पदं जोडून बनत, पण त्या जोडीचा विग्रह करून एक अर्थ निघावा अशी अपेक्षा नसे. हेडविग घ्या: 'हाडु' म्हणजे लढाई, 'विग' म्हणजेही लढाई. हिल्डेगुंडमध्येही दोन्ही पदं लढाईचीच. 'लढाई-लढाई' असं कोणी मुलीचं नाव मुद्दाम ठेवेल का? पदं घराण्यातून येत. एक बापाच्या नावातलं, एक आजीच्या नावातलं, झालं नाव तयार. तेव्हा 'ख्याती + लढाई' इतकंच म्हणावं आणि थांबावं.

कधी कधी आख्खं नाव उचललं जाई, आणि त्यामागे राजकारण असे. ७७८ साली फ्रँकांचा राजा शार्लमेन याला जुळी मुलं झाली, त्यांची नावं त्याने लुडविग आणि लोथार ठेवली. त्याच्या स्वतःच्या कुळात कार्ल, पिपिन, कार्लमान अशी नावं चालत. ही दोन मात्र क्लोव्हिसच्या मेरोव्हिंजियन कुळातल्या राजांची, म्हणजे ज्यांना बाजूला सारून ७५१ साली त्याचा बाप गादीवर बसला त्या घराण्याची. लोथार लहानपणीच गेला. लुडविग वाढला, आणि फ्रान्समधल्या लुईंची गणती त्याच्यापासून सुरू होते. ५११ साली वारलेला क्लोव्हिस त्या गणतीत धरत नाहीत, नाव तेच असूनही.

कान_टवकारून:
त्या 'ह्लुड'चा अर्थ सरळ 'मोठा आवाज' असाच ना? जर्मन 'लाउट' आणि इंग्रजी 'लाउड' हे तेच शब्द.

ध्वनिवेल्हाळ:
भावंडं आहेत, तेच शब्द नाहीत. 'लाउट'मध्ये मूळचा ऊ दीर्घ होता. जर्मनमध्ये पुढे अशा दीर्घ ऊ चा आउ झाला: हूसचं हाउस, मूसचं माउस, लूटचं लाउट. नावातलाही ऊ मूळचा दीर्घ असता तर आज 'लाउटविग' ऐकू आलं असतं. तो ऱ्हस्व होता. प्रमाण जर्मन उच्चारात आज ऐकू येणारा दीर्घ ऊ ('लूटविश'च्या जवळपास) नंतर लांबलेला आहे.

ऱ्हस्व उ असलेल्या या पदाचा सख्खा भाऊ आपल्या ओळखीचा आहे: संस्कृत 'श्रुत', ग्रीक 'क्लुतोस'. मूळ धातू ऐकण्याचा. ज्याच्याबद्दल लोकांनी ऐकलंय तो ख्यातनाम. संस्कृतात जिथे श, तिथे जर्मॅनिकमध्ये ह हे नातं नियमित आहे: शतम् आणि हुंडर्ट, श्वन् आणि हुंड, शृंग आणि हॉर्न. सोफोक्लीसमधलं 'क्लीस' आणि स्लाव्ह नावांमधलं 'स्लाव' हेही त्याच धातूचे.

रॉबर्ट आणि रुडॉल्फचं पद वेगळं, 'ह्रोड'. वाल्डेमारमधलं 'मार' आणखी वेगळं. तिन्हींचं भाषांतर 'प्रसिद्ध' केलं की फरक पुसला जातो आणि याद्यांमध्ये सगळी नावं एका माळेचे मणी वाटू लागतात.

मूळपुरुष:
छान उलगडलंत. मग नावात 'लुड' दिसलं की ख्याती, असं धरून चालायचं?

जुनं_पान:
मुळीच नाही, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लुडगर आणि लुडॉल्फ यांच्यात 'लिउड' आहे, म्हणजे लोक, जनता. ८०९ साली वारलेल्या म्युन्स्टरच्या संताचं नाव जुन्या लेखनात लिउडगर असं येतं. लिओपोल्डही याच पदाचा (लिउटपोल्ड). लुडमिला तर स्लाव्ह नाव, त्यातही 'लोक' आहे. उलट लोथारमध्ये 'लुड' दिसत नाही, पण पद लुडविगचंच.

म्हणून आजच्या रूपावरून पद ठरवू नये. सापडेल तितकं जुनं लेखन गाठायचं, शक्यतो दहाव्या शतकाच्या आधीचं. सुरुवातीला ह किंवा ख असेल तर ख्याती. ह नसेल आणि 'इउ' असेल तर लोक. ८२४ च्या सुमारास सुरू झालेल्या रायखेनाऊ मठाच्या स्मरणवहीत (प्रार्थनेत ज्यांची आठवण काढायची त्यांच्या यादीत) सुमारे ३८,००० नावं आहेत, असल्या पडताळणीला ती फार उपयोगी. ८८१ सालच्या सोकूरच्या विजयावर रचलेल्या 'लुडविग्सलीड' या काव्यात राजाचं नाव अजून 'ह्लुडविग' असं, ह सकट आहे. एक पथ्य मात्र पाळायचं: हस्तप्रत कधीची ते आधी बघायचं. समजा घटना ८४२ ची आणि प्रत नंतरची असेल, तर अक्षरं नक्कल करणाऱ्याच्या काळातली असू शकतात.

नोंदवही:
चर्च-नोंदींबद्दल. 'लुडोविकुस' हा पाद्र्याचा लॅटिन पेहराव आहे. घरचं नाव गावाच्या भाषेवर ठरतं: जर्मन भागात लुडविग, फ्रेंचमध्ये लुई, इटलीत लुइजी किंवा लुडोविको, हंगेरीत लायोश, चेक प्रदेशात लुडव्हीक, नेदरलँड्समध्ये लोडेवाइक. लॅटिन 'लुडुस' म्हणजे खेळ, त्याच्याशी काही संबंध नाही.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत 'फिलिउस लुडोविकी' असं येईल. ती षष्ठी आहे, 'लुडोविकुसचा मुलगा'. 'लुडोविकी' हे आडनाव समजून वंशावळीत घातलं की पुढची अख्खी शाखा चुकते. तोच माणूस दुसऱ्या कागदात 'अलोयसिउस' म्हणूनही येऊ शकतो, संत अलोयसिउस गोन्झागा (१५६८–१५९१) इटालियनमध्ये लुइजीच होता. त्यामुळे नुसत्या नावावर न जाता बायकोचं नाव, घर आणि मुलांचे साक्षीदार पालक जुळतात का ते पाहा. लग्नाची नोंद किंवा मृत्युपत्र स्थानिक भाषेत असेल तर ते आधी काढा. हाक मारायचं नाव तिथे सापडण्याची शक्यता जास्त, कधी कधी 'लुट्स' असं आखूड रूपसुद्धा.

आणि वेल्समधला 'लुईस' दिसला तर जरा थांबा. तिथे बऱ्याचदा तो मूळच्या लेवेलिनचं इंग्रजी केलेलं रूप असतो, त्याचा फ्रँकांशी काही संबंध नाही.