हेतूचं ओझं कोणावर?

शिक्षकाने मुलांना हात लावण्याचा विषय निघाला की 'हेतू स्वच्छ असेल तर पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागतच नाही' असं कुणीतरी म्हणतं; ते अर्धंच बरोबर आहे. त्याच्या कलम ७ मध्ये, म्हणजे मुलांना लैंगिक स्पर्श करण्याच्या गुन्ह्यात, लैंगिक हेतू लागतो, मान्य. पण कलम ३० पाहा: खटला उभा राहिला की न्यायालय तो हेतू होता असं गृहीत धरून चालतं. नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं, तेही वाजवी शंकेपलीकडे. शिवाय आरोपी शाळेचा कर्मचारी असला की गुन्हा कलम ९ मध्ये, म्हणजे अधिक गंभीर प्रकारात, जातो आणि किमान शिक्षा ३ ऐवजी ५ वर्षं होते.

मी शाळेत खो-खो शिकवतो, म्हणून मुलांना हात लावावा लागला की नोंद करून ठेवतो. मागच्या वर्षी सूर मारताना एका मुलीचा घोटा मुरगळला, उचलून वऱ्हांड्यात आणावं लागलं. त्याच संध्याकाळी वहीत वेळ, हजर असलेल्या बाईंची सही आणि आईला केलेला फोन, एवढं लिहिलं. चार दिवसांनी तिचे पालक तावातावाने 'मुलीला उचललंच का?' विचारायला आले, तेव्हा मुख्याध्यापकांनी ते पान उघडून पुढे सरकवलं. पालकांनी ते दोनदा वाचलं, मग घोटा कसा आहे ते सांगू लागले.