शब्दचर्चा : 'चोकपॉइंट'ला काय म्हणावं? नाका, खिंड की नेढं?

ऐरोलीकरीण

ठाण्यातल्या एका स्पर्धा परीक्षा वर्गासाठी भूगोलाच्या नोट्स मराठीत करून देते आहे. गाडं 'चोकपॉइंट'पाशी अडलंय, म्हणजे सागरी व्यापाराची वाट जिथे चिंचोळी होते आणि अडू शकते ती जागा. होर्मुझ, बाब-अल-मंदेब, मलाक्का, बॉस्पोरस, सुएझ, पनामा ही सगळी नावं एकाच मथळ्याखाली आहेत आणि आधी ज्यांनी हे काम केलं त्यांनी सरसकट 'सामुद्रधुन्या' लिहून मोकळं केलंय. सुएझ आणि पनामा तर माणसाने खणलेले कालवे, त्यांना सामुद्रधुनी कसं म्हणायचं? मला 'अवरोधबिंदू' सुचला होता, पण तो अँजिओग्राफीच्या रिपोर्टातून उचलल्यासारखा वाटतो. पोरांना वाचताक्षणी कळेल असा शब्द आहे का आपल्याकडे?

नौपाड्याचे आजोबा

आधी सामुद्रधुनीचा निकाल लावू. यातल्या 'धुनी'चा साधूंच्या पेटत्या धुनीशी काही संबंध नाही. संस्कृतात धुनी म्हणजे नदी. गंगेला 'सुरधुनी' म्हणतात ती हीच. सामुद्रधुनी म्हणजे समुद्राची नदी, दोन मोठ्या पाण्यांना जोडणारी चिंचोळी पट्टी. हिंदीवाले 'जलडमरूमध्य' म्हणतात. त्यात आकार दिसतो, आपल्या शब्दात प्रवाह दिसतो. मला आपला जास्त आवडतो, त्यात थोडा पक्षपात असेलही.

पण हा शब्द भूगोलाचा आहे, व्यापाराचा नाही. पाल्कची सामुद्रधुनी घ्या. भारत आणि श्रीलंकेच्या मधली, अगदी चिंचोळी. तिथे पाणी इतकं उथळ की मोठी जहाजं तिकडे फिरकतच नाहीत, श्रीलंकेला वळसा घालतात. उद्या पाल्क बंद झाली तर जगाच्या तेलाचा भाव एका पैशानेही हलणार नाही. म्हणजे सामुद्रधुनी आहे, पण तुमचा चोकपॉइंट नाही. सुएझ चोकपॉइंट आहे, पण सामुद्रधुनी नाही. तेव्हा तो जुना अनुवाद चूकच.

माझ्याकडून 'नेढं' घ्या. सुईचं नेढं, राजगडाचं नेढं. सगळा दोरा त्या एका भोकातून ओवायचा असतो.

उरणकर

आजोबा, नेढं झकास, पण न्हावाशेव्याला कोणी 'बाब-अल-मंदेबचं नेढं' म्हणालं तर कँटीनमध्ये आठवडाभर त्याची खेचतील.

मी सीएचएकडे, म्हणजे मालाची कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या एजंटकडे कामाला आहे, आमच्याकडे काय बोलतात ते सांगतो. चोकपॉइंट हा शब्द बातम्यांतला. आमच्यात नुसतं 'रेड सी' किंवा 'केप' चालतं. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी 'गॅलॅक्सी लीडर' जहाज पळवलं आणि त्यानंतर मोठ्या जहाज कंपन्यांनी एकेक करून तांबडा समुद्र सोडला. शेड्यूलवर सुएझच्या जागी 'व्हाया केप' आलं. म्हणजे आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला वळसा. युरोपसाठी साधारण १० ते १४ दिवस जास्तीचे. त्याच सुमाराला नाशिकची द्राक्षं निघायची वेळ. द्राक्षांच्या पेटीत ग्रेप गार्डचा कागद असतो, त्यातून हळूहळू गॅस सुटतो आणि बुरशी धरत नाही. रीफरचं, म्हणजे थंड कंटेनरचं तापमान शून्याच्या आसपास ठेवतात. हे सगळं गणित ठरलेल्या दिवसांवर बांधलेलं. त्यात दोन आठवडे वाढले की रॉटरडॅमला बॉक्स उघडेपर्यंत बागायतदाराच्या जिवाला घोर. दर फोनला एकच प्रश्न, "साहेब, गाडी नाक्यावरून पुढे गेली का?"

त्यांचा 'नाका' म्हणजे बाब-अल-मंदेब, तांबड्या समुद्राचं दक्षिणेकडचं तोंड. हा शब्द मी त्यांना शिकवला नव्हता, तेच तो वापरत होते. माझं मत नाका.

ऐरोलीकरीण

उरणकर, हे भारी आहे! शिवाय 'नाकेबंदी' हा शब्द आपल्याकडे तयार आहेच. बातम्यांत 'समुद्री नाकेबंदी' येतं तेव्हा कोणी अडखळत नाही. मग ज्याची बंदी होते तो नाका, इतकं सरळ आहे की.

एक शंका मात्र पोरं हमखास काढणार. होर्मुझ सर्वात अरुंद ठिकाणीसुद्धा जवळपास ३३ किलोमीटर रुंद आहे. आपला अटल सेतू २१.८ किलोमीटर. म्हणजे अख्खा सेतू टाकला तरी पलीकडचा काठ लागायचा नाही. याला 'चिंचोळा नाका' कसं म्हणायचं?

उरणकर

रुंदी पाण्याची झाली, रस्त्याची नाही. टँकर कुठूनही जात नाहीत. यायला एक पट्टा, जायला एक पट्टा, प्रत्येक साधारण ३ किलोमीटरचा, आणि मध्ये तेवढीच मोकळी जागा. रस्त्यावरच्या डिव्हायडरसारखी. ऐन अरुंद भागात हे पट्टे ओमानच्या बाजूच्या पाण्यातून जातात, कारण खोली तिकडे चांगली आहे. लादलेला मोठा टँकर वळायला आणि थांबायला किती जागा खातो ते पाहिलं की ३ किलोमीटर म्हणजे गल्ली वाटते. मलाक्का तर सिंगापूरजवळ फिलिप्स चॅनलमध्ये २.८ किलोमीटरवर येते, आणि बॉस्पोरस इस्तंबूलच्या मधोमध ७०० मीटरवर.

पण माझ्या मते अरुंद असणं ही अर्धीच गोष्ट. दुसरी वाट आहे का, हे बघायचं. मलाक्का अडली तर इंडोनेशियातल्या सुंदा आणि लोंबोक या सामुद्रधुन्या आहेत. लांब पडतात, पण आहेत. बाब-अल-मंदेबला केपचा वळसा आहे. होर्मुझला समुद्रातून दुसरी वाटच नाही. पर्शियन आखाताचं दार एकच. एरवी जगात रोज खपणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा त्या दारातून बाहेर पडतो, शिवाय कतारचा जवळपास सगळा एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू. होर्मुझ टाळून सौदीची यान्बू बंदरापर्यंतची आणि अमिरातीची फुजैरा बंदरापर्यंतची पाइपलाइन आहे, पण त्यातून सगळा माल निघत नाही. आपल्या घरातल्या सिलिंडरचा गॅसही बराचसा तिथूनच येतो.

कोल्हापूरची, सध्या वाशी

थांबा थांबा. ठाणे-मुंबईत नाका म्हणजे चौक. तीन हात नाका, माजिवडा नाका, सकाळी कामगार उभे राहतात तो नाका. आमच्याकडे नाका म्हणजे जकात नाका किंवा टोल नाका, जिथे कोणीतरी गाडी थांबवून पैसे मागतो. होर्मुझला पैसे कोण मागतंय? 'होर्मुझचा नाका' वाचून माझ्या गावचा मुलगा म्हणेल की तिथे पावती फाडतात.

मला 'खिंड' बरी वाटते. पावनखिंड कोणाला शिकवावी लागत नाही. थोडी माणसं मोठ्या फौजेला अडवून धरू शकतात, ही कल्पना त्या शब्दात आधीपासूनच आहे. बाब-अल-मंदेबला हुथींनी वेगळं काय केलं?

बेलापूर किल्ला

पावती खरंच फाडत होते! डेन्मार्क आणि स्वीडनच्या मध्ये ओरेसुंड आहे, बाल्टिकमध्ये शिरायची वाट. तिथे हेल्सिंगोरला डेन्मार्कचा राजा १४२९ पासून थेट १८५७ पर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून कर घेत होता. गंमत अशी की मालाची किंमत कप्तानानेच सांगायची. कमी सांगितली तर राजाला त्याच किमतीत माल विकत घ्यायचा हक्क. त्यामुळे कोणाची लबाडीची छाती होत नसे. १८५७ च्या कोपनहेगन कराराने तो कर बंद झाला. आपल्याकडेही पोर्तुगीज त्यांचा 'कार्ताझ' हा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकू देत नसत, आणि कान्होजी आंग्र्यांचं दस्तक नसेल तर कोकणच्या पाण्यात जहाज धरलं जाई. होर्मुझ बेट पोर्तुगीजांनी १५१५ मध्ये घेतलं ते मोती वेचायला नव्हे, १६२२ पर्यंत तिथली जकात त्यांच्या हातात होती.

आज कायदा उलटा आहे. १९८२ च्या समुद्र कायदा कराराप्रमाणे आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजाला काठावरच्या देशाने अडवायचं नाही, नुसतं जाण्याबद्दल पैसेही मागायचे नाहीत. इराणने त्यावर सही केली, पण मंजुरी दिलेली नाही, आणि वादाची मेख तिथेच आहे. कालव्याचं वेगळं, तो कोणाच्या तरी जमिनीत खणलेला. सुएझ आणि पनामाला रीतसर टोल आहे.

वाशीताई, तुमच्या हरकतीला उत्तर आपल्या गावातच आहे. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही. मुलुंड चेकनाक्याची जकात तर २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. तरी रिक्षावाल्याला आपण 'चेकनाका' म्हणूनच सांगतो. पैसे गेले, नाका राहिला.

कोल्हापूरची, सध्या वाशी

ठीक आहे, पण नोट्स फक्त ठाण्याच्या पोरांसाठी नाहीत ना? पहिल्यांदा येईल तिथे 'सागरी नाका' लिहा, नुसता 'नाका' नको. मग माझी तक्रार नाही. खिंड मात्र लढाईच्या वर्णनापुरती तरी ठेवाच.

नौपाड्याचे आजोबा

सागरी नाका. हरकत नाही, नेढं मी राजगडापुरतं परत घेतो.

मात्र त्याच्या आजूबाजूचे शब्द नीट वापरा, तिथे जास्त घोळ होतो. कोंडी आपोआप होते, नाकेबंदी कोणीतरी करतं. मार्च २०२१ मध्ये ४०० मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' सुएझमध्ये आडवं झालं आणि सहा दिवस दोन्ही बाजूंना जहाजं थांबून राहिली. ती कोंडी. घोडबंदर रोडला ट्रेलर बंद पडल्यावर होते ती जात. पनामात २०२३ च्या दुष्काळात कालव्याला पाणी पुरवणारा गाटुन तलाव खाली गेला आणि रोज सोडायची जहाजं कमी करावी लागली. तीही कोंडीच, पावसाने केलेली. १९६७ च्या युद्धात सुएझ बंद झाला तो १९७५ पर्यंत. ती नाकेबंदी नाही आणि कोंडीही नाही, तिथे सरळ 'कालवा बंद' लिहावं. आणि हुथींनी केली त्याला मी नाकेबंदी म्हणणार नाही. त्यांनी वाट बंद केली नाही, वाटेवर भय बसवलं. विम्याचा हप्ता वाढला आणि जहाजं आपणहून दुसरीकडे वळली. त्याला 'वाटमारी' हा जुना शब्द चपखल बसतो.

ऐरोलीकरीण

मस्त. मग असं लिहिते : 'होर्मुझ, मलाक्का, बाब-अल-मंदेब या सामुद्रधुन्या आणि सुएझ, पनामा हे कालवे जागतिक व्यापाराचे सागरी नाके आहेत. नाका अरुंद असतो म्हणून नव्हे, तर त्याला सोयीची दुसरी वाट नसते म्हणून महत्त्वाचा ठरतो.' केप ऑफ गुड होपलाही काही याद्यांत चोकपॉइंट म्हटलेलं असतं. तिथे तर उघडा समुद्र आहे. त्याला मी 'वळसा' म्हणणार, नाका नाही.

उरणकर

बरोबर. आणि ताई, नोट्स छापायला देण्याआधी एकदा 'खाडी' शोधून बघा. हिंदी बातम्यांतून 'खाडी देश' मराठीत घुसलाय. पर्शियन ते आखात, बंगालचा तो उपसागर. खाडी आपली, कळव्याची.